गाडी दाराशी आण, कोस्केला

हिमलॉक बे, मिशिगन
३० ऑगस्ट १९८७

ताई,

जहाजावर तुझं बरं चाललं असेल. माझं विचारू नकोस. नाही, विचारच, नाहीतर मी सांगू कोणाला? आईला सांगितलं तर ती रडते आणि मग मलाच तिची समजूत घालत बसावं लागतं.

परवा डॉक्टरांनी माझा डावा गुडघा दाबून, वाकवून, यंत्राला बांधून पाहिला आणि म्हणाले, "रेनो, उजव्याइतकाच जोर आहे. जा, खेळ." गेल्या नोव्हेंबरात पाइन रिव्हर कॉलेजच्या त्या धटिंगणाने बाजूने आदळून गुडघ्याचा चुथडा केला, तेव्हापासून मी हेच शब्द ऐकायला कान लावून होतो. उड्या मारत मैदानावर गेलो. कोच ट्रेवॅरोंनी डॉक्टरांची चिठ्ठी वाचली, घडी करून खिशात घातली आणि माझ्या अंगावर काय फेकलं असेल? पिवळी जर्सी!

पिवळी म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे. बाकी सगळे सरावात एकमेकांना धडका देणार आणि पिवळीवाल्याला कोणी बोटही लावायचं नाही. चेंडू घेऊन धावत येणाऱ्याला आडवा पाडणं हे माझं काम, आणि मीच आता काचेचं भांडं! माझ्या जागेवर डेनी ओबर्ग म्हणून पहिल्या वर्षाचं पोर उभं केलंय, आणि त्याला शिकवायचं कोणी? मी.

हे कमी होतं म्हणून त्या म्हाताऱ्या कोचने मला ड्रायव्हर करून टाकलंय. जेवणघरात, जिन्यात, कपडे बदलायच्या खोलीत, कुठेही गाठतो आणि ओरडतो, "कोस्केला, गाडी दाराशी आण!" की आल्याच किल्ल्या अंगावर. सरळ फेकायलाही येत नाही त्याला. निम्म्या वेळा खाली पडतात आणि मी वाकून उचलतो तोवर पोरं फिदीफिदी हसतात. गाडी म्हणजे तो जुनाट ट्रक, ज्याचा क्लच दाबायला बैल जुंपावा लागेल. मी इथे फुटबॉल खेळायला आलोय की गाड्या हाकायला, सांग बरं.

रेनो

*

'हॅगबर्ग' जहाज, डेट्रॉइट नदी
९ सप्टेंबर

रेनोबाळा,

टपालाची होडी आली, आम्ही दोरीने बादली खाली सोडली आणि तुझं पत्र वर आलं. वाचता वाचता माझ्या भट्टीतल्या सफरचंदाच्या पाई करपल्या. आज कोणी जेवणावर कुरकूर केली तर तुझं नाव सांगणार आहे.

अरे, त्या ट्रेवॅरोच्या डोक्यात बसलंय तरी काय? डॉक्टर एवढं शिकून सांगतोय की पोरगा बरा आहे आणि हा चिठ्ठी खिशात घालतो! ऑपरेशन झालं तेव्हा तुला न्हाणीघरापर्यंत उचलून कोण नेत होतं? मी. हिवाळाभर जहाज बंद होतं म्हणून, नाहीतर आईच्याने तू हललाही नसतास. तू दात-ओठ खाऊन पाय सरळ करायचास, ते मी बघितलंय. त्याने बघितलंय का? आणि आता तुझ्याकडून गाडी आणवतो? त्याला म्हणावं, स्वतःचे पाय शाबूत आहेत ना, मग चाल.

मी लिहू का त्याला? माझ्या कोऱ्या कागदांचा गठ्ठा तसाच पडलाय.

तायमी

*

हिमलॉक बे
२० सप्टेंबर

ताई,

खबरदार लिहिलंस तर! मला इथे तोंड दाखवायला जागा राहणार नाही. आधीच मी एक पराक्रम करून बसलोय.

मंगळवारी एका पोराला सर्दी झाली म्हणून तो आला नाही. त्याची पांढरी जर्सी खुंटीवर होती. मी पिवळी काढली, ती पांढरी चढवली, हेल्मेट घातलं आणि गुपचूप रांगेत जाऊन उभा राहिलो. हेल्मेटमध्ये सगळे सारखेच दिसतात, म्हटलं कोणाला कळतंय? चेंडू सुटला, समोरून मोठा हॅन्सन आला, मी त्याच्यावर झेपावणार एवढ्यात शिट्टी. म्हातारा मैदानाच्या पार त्या टोकाला होता, तिथून ओळखलं मला! शिव्या देईल वाटलं. फक्त म्हणाला, "जर्सी ज्याची आहे त्याच्या खुंटीवर ठेव."

दुसऱ्या दिवशी मैदानावर गेलो तर माझी पिवळी जर्सी खुद्द कोचनी घातलेली. ताई, तुला त्यांचं पोट ठाऊक आहे का? जर्सी निम्म्यावर अडकलेली, खाली बनियन दिसतोय, आणि हे महाशय तशाच अवतारात हातात चेंडू घेऊन सगळा सराव घेतायत. पोरं हसून लोळायला लागली. मी पण हसलो, काय करणार. शेवटी त्यांनी जर्सी ओढून ओढून काढली, मला दिली आणि म्हणाले, "बघ, हिने कोणी मरत नाही."

तरीपण माझा राग गेलेला नाही. आत्ताच खालच्या जिन्यात पुन्हा किल्ल्या फेकल्या. पडल्या.

रेनो

*

'हॅगबर्ग' जहाज
१ ऑक्टोबर

कोच ट्रेवॅरो,

मी रेनो कोस्केलाची मोठी बहीण. त्याने मला लिहू नको म्हणून बजावलंय, म्हणून हे पत्र त्याला दाखवू नका. मी स्वयंपाकीण आहे, मला गोड बोलता येत नाही.

आमचे वडील गेले तेव्हा रेनो शाळेत होता. त्याला दोनच गोष्टींनी उभं केलं, आईने आणि तुमच्या खेळाने. डॉक्टर म्हणतो तो बरा आहे. मग तुम्ही त्याला का बसवून ठेवलंय? त्याच्यावर तुमचा राग आहे का? असेल तर तसं सांगा. पण भर जेवणघरात त्याच्या अंगावर किल्ल्या फेकून त्याला गाडी आणायला पाठवता, हे मला मुळीच आवडलेलं नाही. तो तुमचा नोकर नाही. माझा भाऊ आहे.

तायमी कोस्केला

*

हिमलॉक बे
१२ ऑक्टोबर

तायमीबाई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. बायकोलाही वाचून दाखवलं. ती तुमच्या बाजूची निघाली, तेव्हा घरात मी एकटा पडलोय.

रागाचं म्हणाल तर रेनोवर रागावणं मला जमत नाही. इतकं जिद्दी पोर माझ्या हाताखाली फार थोड्या वेळा आलं. त्याला मी दूरही ठेवलेलं नाही. जेवायला तो माझ्या टेबलावर असतो, बसमध्ये पहिल्या बाकावर. दुखापत झालेलं पोर एकटं पडलं की आतून कुढत जातं, म्हणून डेनीला शिकवायचं काम त्याला दिलंय. डेनी सुधारतोय, आणि त्याला शिकवताना रेनोलाही खेळ जास्त दिसायला लागलाय. हे त्याला अजून कळलेलं नाही.

आता किल्ल्यांचं. त्या मी नेहमी त्याच्या डावीकडे फेकतो. मला सरळ फेकता येतं, बाई, तरुणपणी तेच माझं काम होतं. डावीकडे आलेली वस्तू झेलायला माणूस आपोआप डावा पाय टाकतो. रेनो टाकत नाही. आधी एक क्षण थबकतो, उजव्या पायावर उभा राहतो आणि हात लांबवतो. मैदानात त्या एका क्षणात समोरचा येऊन आदळतो, आणि मग हाच गुडघा जातो, नाहीतर भार पडून पडून दुसरा. डॉक्टरांचं यंत्र पायातला जोर मोजतं आणि ते बरोबरच मोजतं. पण पायाला धास्ती बसलीय ती त्या यंत्राला कशी कळणार? रेनोलाही ती ठाऊक नाही. कोणी त्याला घाबरट म्हटलं तर तो मारामारी करेल, आणि त्याचं खरंच असेल. घाबरलाय तो त्याचा पाय.

ज्या दिवशी तो विचार न करता डाव्या पायावर जाईल, त्या दिवशी पिवळी जर्सी मी स्वतः काढून घेईन.

फक्त एक करा, त्याला हे सांगू नका. सांगितलंत तर तो मुद्दाम डावा पाय टाकेल आणि मग मला कधीच काही कळणार नाही.

ता. क. ट्रकचा क्लच मी मुद्दाम दुरुस्त करत नाही. तो डाव्या पायाने दाबावा लागतो.

हार्लन ट्रेवॅरो

*

'हॅगबर्ग' जहाज
२१ ऑक्टोबर

रेनो,

मी विचार केला. कोच सांगतात तसं कर. पिवळी घालायला सांगितली तर पिवळी घाल, गाडी आण म्हणाले तर गाडी आण. उगाच डोक्यात राख घालून घेऊ नकोस. त्यांनी आपल्यापेक्षा जास्त गुडघे पाहिलेत.

इथे थंडी पडायला लागली. काल वाटाण्याचं सूप केलं तर सगळ्यांनी भांडं पुसून खाल्लं. डेनीला नीट शिकव.

तायमी

*

हिमलॉक बे
५ नोव्हेंबर

ताई,

तुला कोणी काय खायला घातलं गं? सप्टेंबरात तू कोचला पायी चालवणार होतीस आणि आता "गाडी आण म्हणाले तर गाडी आण"? फितूर झालीस तू.

पण ते राहू दे, इथे भलतंच घडलंय. चौदा तारखेला पाइन रिव्हरशी सामना आहे, लोखंडी बादलीचा. वडिलांच्या वेळेपासून ती खाणीतली बादली जिंकणाऱ्याकडे वर्षभर राहते, आणि आता इतकी वर्षं ती त्यांच्याकडेच आहे की इथल्या पहिल्या वर्षाच्या पोरांनी ती पाहिलेलीही नाही. (तुझी बादली बरी, टपाल घेऊन का होईना वर तरी येते.) तर कॉलेजच्या विश्वस्तांनी कोचना सांगितलंय, या वेळी बादली आली नाही तर तुमचा करार संपला. हे सगळ्या गावाला माहीत आहे. न्हाव्याच्या दुकानात यावर पैजा लागल्यात. कोच मात्र असे वागतात जणू काही झालंच नाही.

मी म्हाताऱ्याला शिव्या दिल्या हे खरं. पण ताई, ऑपरेशननंतर रोज दवाखान्यात कोण यायचं? हेच. पत्ते घेऊन यायचे आणि लबाडी करून जिंकायचे. त्यांना असं हाकलून देणार? डेनी चांगला आहे, पण पाइन रिव्हरचा तो धावणारा डेनीला खिशात घालून नेईल. त्याला अडवू शकतो तो मी.

म्हणून काल मी त्यांच्या घरी गेलो. ट्रेवॅरोबाईंनी पास्टी वाढली, बटाटा आणि मांस भरलेली, गरमागरम, पण मी ती तशीच ठेवली. मी सरळच म्हटलं, "कोच, मला खेळवा. माझ्यासाठी नको, तुमच्यासाठी. डॉक्टरांची चिठ्ठी आहे. पाय माझा आहे."

ते उठले, कोट घातला आणि दाराशी गेल्यावर वळून एकदम किल्ल्या फेकल्या, "कोस्केला, गाडी आण!" मी झेलल्या, ताई! पक्क्या झेलल्या, हात लांब करून. म्हटलं, चला, आज तरी पडल्या नाहीत.

ते माझ्या चेहऱ्याकडे नाही, खाली जमिनीकडे बघत होते. मग म्हणाले, "नाही, बाळा."

बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "अहो, तुमची नोकरी जाईल!" तर म्हणतात कसे, "ती माझी आहे ना? मग तिची काळजी मी करतो. तू पास्टी संपव, निवतेय."

मला हा माणूस कळत नाही. खरंच कळत नाही.

रेनो

*

'हॅगबर्ग' जहाज, सू लॉक्स
११ नोव्हेंबर

कोच ट्रेवॅरो,

रेनोचं पत्र आलं. किल्ल्या त्याने कशा झेलल्या असतील ते मला न बघता कळलं.

"एकदाच खेळवा" असं तुम्हाला लिहायला बसले होते. तुमच्या बायकोचा विचार मनात आला म्हणून. दोन ओळी लिहिल्या आणि फाडून टाकल्या. त्याला नाही म्हणणं तुम्हाला किती जड गेलं असेल, ते मला कळतंय. मी पहिल्या पत्रात जे बोलले ते सगळं परत घेते, नोकराचं तर आधी.

त्याला मी काही सांगितलेलं नाही.

तायमी कोस्केला

*

'हॅगबर्ग' जहाज, लेक सुपीरियर
१५ नोव्हेंबर

रेनो,

लवकर लिही. काल वारा इतका होता की सुपाचं भांडं मला चुलीला बांधून ठेवावं लागलं. इंजिनवाले, डेकवाले, सगळे माझ्या स्वयंपाकघरात रेडिओला कान लावून बसले होते. आवाज यायचा, जायचा. शेवटच्या भागात आपण चार गुणांनी पुढे होतो तिथपर्यंत ऐकलं. मग सगळे प्रेक्षक तुझं नाव घेऊन ओरडायला लागले, "कोस्केला! कोस्केला!" अंगावर काटा आला माझ्या. आणि त्यानंतर नुसती खरखर. म्हाताऱ्या फोरमनने रेडिओला थापडा मारल्या, काही उपयोग झाला नाही.

तू गेलास का आत? पाय ठीक आहे ना? त्यांनी पाठवलं का तुला?

तायमी

*

हिमलॉक बे
१९ नोव्हेंबर

ताई,

नाही गेलो. पाय ठीक आहे. सामना हरलो.

तू ऐकलंस तिथून सांगतो. पाइन रिव्हरचा धावणारा दोनदा डेनीला चकवून गेला होता. मी कोचच्या शेजारी उभा होतो, अंगात पिवळी नाही, साधीच जर्सी होती, पण हेल्मेट त्यांनी स्वतःच्या काखेत धरून ठेवलं होतं. मी पळून आत जाईन याची खात्री असावी त्यांना. आणि खरं सांगू? गेलोच असतो. सगळं स्टेडियम माझ्या नावाने ओरडत होतं. मागून कोणीतरी म्हणालं, "अरे ट्रेवॅरो, पोराला पाठव, नाहीतर उद्या घरी बस!" विश्वस्तांपैकी एक जण तर पायऱ्या उतरून कठड्यापाशी आला आणि बोटाने माझ्याकडे दाखवायला लागला. कोचनी त्याच्याकडे मान वळवलीसुद्धा नाही. मी म्हटलं, "कोच, प्लीज." त्यांनी हेल्मेट आणखी घट्ट धरलं.

शेवटच्या धावेत पाइन रिव्हरचा तो धावणारा माझ्या बाजूने आला. माझ्या जागेवरून. डेनी घसरला आणि तो सरळ आमच्या शेवटच्या रेषेपार गेला, त्यांना सहा गुण. तिथेच सगळं संपलं.

पाइन रिव्हरवाले बादली वाजवत नाचत होते. डेनी गवतावर तोंड खुपसून पडला होता. कोच सगळ्यात आधी त्याच्याकडे गेले, गुडघे टेकून त्याच्याशी काहीतरी बोलले, त्याला उठवलं आणि खांद्यावर हात टाकून बाहेर आणलं. लोक वरून शिव्या घालत होते त्या सगळ्या डेनीच्या कानावर जाऊ नयेत म्हणून त्याच्या हेल्मेटवर त्यांनी आपला हात ठेवला होता. मग माझ्याकडे येऊन माझं हेल्मेट परत दिलं.

सोमवारी त्यांना काढून टाकल्याचं जाहीर झालं.

तू म्हणालीस कोच सांगतात तसं कर. मी केलं. आता सांग, या सगळ्यातून कोणाचं भलं झालं?

रेनो

*

हिमलॉक बे
१३ डिसेंबर

ताई,

तू महाबिलंदर आहेस! ऑक्टोबरपासून सगळं ठाऊक असून तोंडातून चकार शब्द काढला नाहीस! हिवाळ्यात जहाज बंद करून घरी ये, मग बघतो तुझ्याकडे. पण आधी कालचं ऐक.

काल कोचची कॉलेजातली खोली आवरायची होती. आम्ही सगळे मदतीला गेलो, बोलावलं नव्हतं तरी. बाहेर बर्फ, आत खोकेच खोके. फोटो, शिट्ट्या, जुने बूट. डेनीला कुठूनतरी ती पिवळी जर्सी सापडली. त्याने ती चढवली, पोटावर उशी कोंबली आणि कोचसारखा घसा खाकरून ओरडायला लागला, "हॅन्सन, तुझी आजी याहून जोरात पळते!" ताई, त्या सामन्यानंतर डेनी पहिल्यांदाच हसत होता. मी हसून हसून वाकलो होतो, डोळ्यांतून पाणी, काही दिसत नव्हतं.

तेवढ्यात मागून आवाज आला, "कोस्केला, गाडी दाराशी आण!"

किल्ल्या लांबच चालल्या होत्या, पार डावीकडे, कपाटाच्या बाजूला. मी उडी घेतली, झेलल्या आणि तसाच दाराकडे निघालो. डेनीला काहीतरी टोमणा मारायला वळलो, तर सगळे कोचकडे बघतायत. कोच खोक्यांच्या मधोमध उभे, तोंडावर हात घेऊन. मला वाटलं, म्हाताऱ्याला काही झालं की काय!

"कोच? काय झालं?"

"पाय," ते म्हणाले. "तुझा पाय बघ."

मी खाली पाहिलं. मला काहीच वेगळं दिसेना. ओली फरशी आणि तिच्यावर माझ्या डाव्या बुटाचा ठसा, चांगला दाबून उमटलेला. मग त्यांनी सांगितलं. डावीकडे का फेकायचे, आम्ही पास्टी खात होतो त्या दिवशी जमिनीकडे का बघितलं, आणि तुझी पत्रं. सांगून झाल्याबरोबर त्यांनी मला मिठी मारली आणि पाठीत असे धपाटे घातले की हॅन्सनच्या धडका परवडल्या. मग बोळात जाऊन बायकोला हाका मारायला लागले, "अगं, झेलल्या! डाव्या पायावर झेलल्या पोराने!" त्या खाली खोके बांधत होत्या, त्या धावत वर आल्या आणि रडायला लागल्या. ताई, ज्याची नोकरी गेली तो माणूस असा नाचतो का गं? मी आयुष्यात कोणाला इतकं खूश झालेलं बघितलेलं नाही.

मी म्हटलं, "कोच, आता काय उपयोग? तुम्ही तर चाललात."

ते म्हणाले, "अरे गाढवा, तुझं एक वर्ष बाकी आहे ना? पुढच्या नोव्हेंबरात मी तिकीट काढून बसेन, आणि तुझी बहीण असेल माझ्या शेजारी, तिला आत्ताच सांगून ठेव. नव्या कोचला मी चिठ्ठी लिहितो. तुला पिवळी लागणार नाही." मग डेनीच्या अंगातून जर्सी ओढून काढली, घडी घातली आणि स्वतःच्या खोक्यात सगळ्यात वर ठेवली. "ही मी नेणार. मला बरी बसते."

सगळे परत हसले. मला हसू येईना. त्यांनी माझा गुडघा राखला आणि त्यापायी स्वतःची खुर्ची दिली, आणि हे मला आता, खोके बांधून झाल्यावर कळतंय. मी तसाच किल्ल्या मुठीत धरून उभा राहिलो.

"बघतोस काय?" ते म्हणाले. "गाडी आण. खोके पाठीवर नेऊ का मी?"

मी बर्फातून पळत गेलो. ट्रक चालू केला, दाराशी आणून लावला, खाली उतरलो आणि मग एकदम माझ्या लक्षात आलं की रोज क्लच दाबताना मी डाव्या पायाकडे बघतो, आज बघितलंच नव्हतं.

रेनो